पोलीस ठाण्यातला विशेष कक्ष: शेजारणीसोबत केलेल्या १४ खेपा

माझी पिठाची गिरणी आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, विड्या वळणाऱ्या बायांच्या गल्लीत. गाव कुठलं, ठाणं कुठलं ते सांगत नाही. जिच्यासोबत मी या खेपा केल्या ती अजून माझ्या समोरच्याच घरात राहते आणि तिचं प्रकरण कोर्टात आहे. तिला विचारून आणि शेवटी तिला वाचून दाखवून मी हे लिहिलं आहे. तिने २ ठिकाणी काट मारायला लावली, ती मारली.

पोलीस ठाण्यात ‘महिला व बालकांसाठी विशेष कक्ष’ असतो, त्याचा हा अनुभव. आमच्याकडे बाया त्याला ‘मॅडमचं ऑफिस’ म्हणतात. जाण्याआधी मी मुलाच्या मोबाइलवर पुष्कळ शोधलं. फोन नंबर मिळाले, पत्ते मिळाले. पण आत गेल्यावर कोण बोलतं, नवऱ्याला लगेच बोलावून घेतात का, पैसे किती लागतात, एकदा नाव लिहिलं की केस होतेच का, हे कुठेच सापडलं नाही. त्या भीतीत आमचे ३ आठवडे गेले. त्या ३ आठवड्यांत तिने आणखी दोनदा मार खाल्ला. म्हणून आधी हेच सांगून टाकते: पैसे लागत नाहीत. नवऱ्याला तिच्या परवानगीशिवाय बोलावत नाहीत. आणि तिथे नाव लिहिलं म्हणजे गुन्हा दाखल झाला असं होत नाही.

मला हे सगळं कळायला ४ वर्षं उशीर झाला, त्याचं कारण माझी गिरणीच आहे. १० एचपीची मोटर आहे. ती चालू असली की गल्लीत दुसरं काही ऐकू येत नाही; गिऱ्हाईक खुणेनेच सांगतं, ज्वारी जाड दळा की बारीक. एक दिवस भर दुपारी वीज गेली. पट्टा थांबत थांबत आला आणि समोरच्या घरातून तिचं ओरडणं आलं. वीज गेली नसती तर ते माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. पुढे तिनेच सांगितलं, गिरणी सुरू झाली की तो दाराला आतून कडी लावायचा. माझ्या दारापासून तिचं दार १० पावलांवर आहे.

कक्षात जाण्याआधी गल्लीत बैठक झाली होती. तिचे मामा आले, नवऱ्याचा थोरला भाऊ आला, गल्लीतली ३ वडीलधारी माणसं बसली. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच, असं ठरलं. ती आत चहा करत होती. तिला बाहेर बोलावून कुणी एक प्रश्न विचारला नाही, आणि मीही उंबऱ्यात बसून गप्प राहिले. त्या बैठकीनंतर ११ दिवसांनी त्याने तिचे केस धरून तिला चुलीपाशी आपटलं.

पहिल्या खेपेला आम्ही ठाण्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. बाकावर पुरुष बसलेले, एकजण फोनवर मोठमोठ्याने बोलत होता. तिने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “मावशी, आज नको.” ही खेपसुद्धा मी मोजली आहे. कुणाची बाई फाटकापासून मागे फिरली तर तिला बोल लावू नका.

दुसऱ्या खेपेला आत गेलो. कक्ष मुख्य इमारतीत नाही, मागच्या बाजूला २ खोल्या आहेत. मला वाटलं होतं पोलीस बाई असेल. तिथल्या मॅडम पोलीस नाहीत, समाजकार्य शिकलेल्या आहेत, वर्दी नाही. हे मुद्दाम असं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला, आणि पुढे राज्य सरकारच्या महिला व बालविकास विभागाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. मार खाल्लेली बाई शेवटी ठाण्याचीच पायरी चढते, तर तिथेच ऐकून घेणारं आणि कायदा माहीत असलेलं माणूस बसवायचं, असा त्यामागचा विचार. ठाण्यात बसत असल्यामुळे मॅडमचं पत्र गेलं की नवरा येतो, आणि वर्दी नसल्यामुळे बाई बोलते. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या.

मॅडमनी पहिलं काम केलं ते मला बाहेर बसवण्याचं. मला फार लागलं ते. तिला घेऊन आले मी, गिरणी बंद ठेवून, आणि मलाच बाहेर? १ तास २० मिनिटं मी व्हरांड्यात बसले. नंतर मी मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, “काकू, तुम्ही तिच्या बाजूच्या आहात हे दिसतंय. पण उद्या एखादी सासूसोबत येईल, आणि तीही मला सांगेल की मी सुनेच्याच बाजूची आहे. म्हणून बाईशी पहिलं बोलणं एकटीशीच.” मला पटलं. त्या खोलीत तिने जे सांगितलं त्यातलं अर्धं मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

तिला त्यांनी विचारलं, तुम्हाला काय व्हायला पाहिजे आहे? गल्लीच्या बैठकीत न आलेला हा प्रश्न. ती म्हणाली, मार बंद झाला पाहिजे आणि विड्यांचे पैसे माझ्या हातात आले पाहिजेत. घर सोडायचं नाही. दिवसभर वळून ती ७००–८०० विड्या करते. पान, तंबाखू, सूत आणायला ती जाते, भरून द्यायला ती जाते, आणि पासबुक व एटीएम कार्ड मात्र नवऱ्याच्या खिशात. हे सांगताना ती थांबली होती म्हणे, कारण तिला वाटलं पैशाची गोष्ट इथे सांगायची नसते, इथे फक्त माराचं विचारतात. मॅडमनी तिला समजावलं की कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्यात पैसे अडवणं हीसुद्धा हिंसाच धरली आहे. मारहाण, लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ आणि मानसिक छळ, आणि ही आर्थिक कोंडी. घरी येताना रिक्षात ती बोटांवर मोजत होती. चारही निघाल्या.

त्याच दिवशी मॅडमनी एक काम करून घेतलं, ज्यासाठी मी या सेवेला सर्वांत वर ठेवते. रात्री काय करायचं ते ठरवून घेतलं. ऑफिस सकाळी १० ला उघडतं आणि संध्याकाळी ६ च्या आत बंद होतं. मार बहुतेक रात्रीच बसतो. मग या मधल्या १६ तासांत कोण? त्यांनी तिला विचारलं, तुमच्या घरातून कुणाला संशय न येता बाहेर कोण पडू शकतं? ती म्हणाली, लेक. ९ वर्षांची आहे. मग असं ठरलं की लेक दळणाचा रिकामा डबा घेऊन माझ्या दारात यायची. डब्यात धान्य असलं तर दळण, डबा रिकामा असला तर ११२ ला फोन. पोरीने दारात एक शब्द बोलायचा नाही, म्हणजे मागून कुणी ऐकत असलं तरी कळायचं नाही. कागदांची पिशवीसुद्धा ठरली: तिचं आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, लग्नाचा फोटो आणि दाखला, मुलीचा जन्मदाखला, विडी कामगाराचं ओळखपत्र, ५०० रुपये आणि एक जोडी कपडे. ती पिशवी माझ्या गिरणीत चाळणीच्या मागे खिळ्याला अडकली, ती अडीच महिने तिथेच होती. वर पिठाचा थर बसला होता.

आता जे पटलं नाही ते. तिच्या सांगण्यावरून मॅडमनी नवऱ्याला पत्र पाठवलं. तो आला, सोबत थोरला भाऊ आणि पक्षाचा एक कार्यकर्ता. मॅडमनी त्या दोघांना बाहेर बसवलं, जसं मला बसवलं होतं. त्याचं वेगळं ऐकलं, मग एकत्र बैठक. त्याने लिहून दिलं: हात उचलणार नाही, पासबुक परत देईन, दारू पिऊन घरी येणार नाही. दर १५ दिवसांनी दोघांनी यायचं ठरलं. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की हे लवकर झालं. ४ वर्षं मारणाऱ्या माणसाला कागदावर सही करायला काय जातं? मी मॅडमशी यावरून भांडले. त्यांचं म्हणणं असं की तिने घर मोडायचं नाही असं सांगितलं आहे, मी तिच्या वतीने ठरवायला लागले तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय. आणि तो कागद मोडला तर पुढे कोर्टात तोच कागद तिच्या कामाला येईल. हे दुसरं म्हणणं खरं ठरलं. पण त्याची किंमत तिच्या डाव्या मनगटाने दिली, म्हणून माझं मन अजून त्या बैठकीवर खट्टू आहे. हे मी मॅडमना तोंडावर सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

सही झाल्यावर मॅडम गल्लीत आल्या. आल्या त्या नवऱ्याच्या घरी नाही, बचत गटाच्या बैठकीला. तिचं नाव घेतलं नाही. विचारलं, रात्री कुठल्या घरातून आवाज आला तर तुम्ही काय करता? पहिल्यांदा कुणी बोलेना. मग कोपऱ्यातली म्हातारी आजी म्हणाली, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो. नंतर एकेकीचं तोंड उघडलं. दारात गेलं तर तो आपल्यावर येईल. साक्षीला बोलावलं तर रोज बुडेल. उलटी केस टाकली तर? याचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, आणि ते मला ६० वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं: हिंसा होते आहे असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याच्या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी की फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही. नातं लागत नाही. शेजारी असणं पुरतं.

त्या दिवशी गटातल्या १४ बायांनी आणि २ पुरुषांनी कामं वाटून घेतली. पुरुष म्हणजे आमचे हे, आणि गल्लीच्या तोंडाशी राहणारा रिक्षावाला. रिक्षावाल्याने सांगितलं, रात्री कितीही वाजता हाक मारा. आशाताईंनी, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत घरोघरी फिरणाऱ्या कार्यकर्तीने, दवाखान्याचं घेतलं, कारण सरकारी दवाखान्यात कुणाला भेटायचं ते त्यांना माहीत. अंगणवाडीच्या सेविकेने मुलांचं घेतलं. बाकीच्यांनी एवढंच कबूल केलं की आवाज आला तर दिवे लावून दारात उभं राहायचं. आत जायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मला हे फारच थोडं वाटलं होतं.

डबा आला तो सहीनंतर ३७ व्या दिवशी, रात्री पावणेबाराला. पोर अनवाणी होती. डबा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि झाकण लावलेलं होतं. मी झाकण उघडून पाहिलं. ११२ ला आमच्या ह्यांनी फोन लावला. मी बाहेर आले तेव्हा समोर एक दिवा लागला, मग पलीकडचा, मग आणखी एक. टीव्हीचा आवाज वाढवणारी आजी काठी घेऊन ओट्यावर येऊन उभी राहिली होती. ९ दारांत माणसं उभी होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. त्याने कडी काढली, बाहेर पाहिलं, आणि परत आत गेला नाही. चपला घालून गल्लीबाहेर चालता झाला. पोलिसांची गाडी २५ मिनिटांनी आली. त्या २५ मिनिटांत तिला आणखी मार बसला नाही तो त्या दिव्यांमुळे.

ठाण्यात रात्री जे होते त्यांनी सांगितलं, घरगुती आहे, सकाळी बघू. अदखलपात्र नोंद, म्हणजे एन.सी., घेतली आणि जा म्हणाले; अशा नोंदीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. इथे मॅडमनी आधीच शिकवलेलं कामाला आलं. मी म्हटलं, साहेब, मेडिकलची यादी द्या, त्याशिवाय आम्ही उठणार नाही. पोलिसांचं दवाखान्याला जे पत्र असतं त्याला यादी म्हणतात, हा शब्द पाठ करून ठेवा. यादी मिळाली. दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरने न विचारताच लिहायला घेतलं, पडल्यामुळे इजा. आशाताईंनी त्याला थांबवलं. नवऱ्याने लाकडी पाटाने मारलं असं तिने सांगितलं, तसंच लिहायला लावलं. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. विड्या वळणाऱ्या बाईचं मनगट. मुंबईत यासाठी दवाखान्यातच सोय आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालापासून महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उभं केलं, आणि ते पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांत गेलं. अशी जखम घेऊन बाई आली की नर्सनेच ओळखावं आणि तिला त्या खोलीत न्यावं, असं तिथे शिकवतात. आमच्याकडे ते आशाताईंवर भागवावं लागलं. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात अशी एक खोली पाहिजे, ही माझी मागणी आहे आणि मी ती जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

सकाळी १० ला आम्ही कक्षाच्या दारात होतो. मॅडम ठाण्याच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या, हाड मोडल्याचा कागद दाखवला, नवऱ्याने लिहून दिलेला कागद दाखवला. दुपारी ३ पर्यंत गुन्हा दाखल झाला, गंभीर दुखापतीचं कलम आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं. पूर्वी ज्याला सगळे ४९८-अ म्हणत ते १ जुलै २०२४ पासून ८५ झालं आहे. गल्लीला वाटलं आता त्याला बेड्या पडणार. पडल्या नाहीत. नोटीस देऊन सोडला. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत बहुतेकदा असंच होतं, हे मॅडमनी आम्हाला ठाण्यातून निघण्याआधीच सांगितलं होतं. म्हणून तो चौथ्या दिवशी पानाच्या टपरीवर दिसला तेव्हा तिची कंबर खचली नाही. खरं आधीच सांगणं हे या मॅडमचं मोठं काम आहे. खोटा धीर त्यांनी एकदाही दिला नाही.

यापुढची वाट लांब आहे, आणि ती कक्षाच्या हातात नाही. संरक्षण अधिकाऱ्यांकडे ३ खेपा झाल्या. त्यांच्याकडे दुसऱ्या कामांचाही भार, टेबलावर फायलींचा ढीग, पहिल्या दोन्ही वेळा साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे काय काय घडलं त्याचा कोर्टात जाणारा सरकारी फॉर्म, भरला गेला. त्यात तारखा विचारतात, म्हणून जी बाई अजून घरात आहे तिने मार बसल्याच्या तारखा कुठेतरी लिहून ठेवाव्यात. आमची शेजारीण चौथी शिकलेली. तिने विड्यांच्या हिशेबाच्या वहीत ज्या दिवशी मार बसला त्या दिवसाच्या आकड्याखाली रेघ मारून ठेवली होती, २ वर्षांच्या रेघा. वकिलांनी ती वही तशीच जोडली.

वकील विधी सेवा समितीकडून मिळाले, फुकट. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यासाठी तलाठ्याकडे धावू नका. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा म्हणतो, कोर्टात अर्ज दिल्यापासून साधारण ३ दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. आम्हाला पहिली तारीख १९ व्या दिवशी मिळाली आणि अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश ७४ व्या दिवशी. पण आदेश चांगला आहे. घर सासऱ्याच्या नावावर आहे, म्हणून तिला तिथे हक्क नाही असं समोरच्या वकिलाने मांडलं. आमच्या वकिलांनी सांगितलं की राहत्या घरात राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही, आणि घर सासरच्या माणसाच्या नावावर असलं तरी तो मिळू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलं आहे. न्यायाधीश बाईंनी त्याला घरात पाऊल टाकायला मनाई केली. तो आता भावाकडे राहतो. महिन्याला ४,००० रुपये द्यायचे आहेत, त्यातला एक हप्ता आला, दोन राहिले. आदेशाची प्रत फुकट मिळते, मागून घ्या, आणि एक ठाण्यात गेली की नाही ते स्वतः जाऊन बघा. संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती प्रत तिने प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या आत लावली आहे.

आदेशाच्या आधीच्या ७४ दिवसांत ती आणि लेक माझ्या माळ्यावर झोपत होत्या. मनगट प्लास्टरमध्ये, विड्या बंद, म्हणजे आवक बंद. गटाच्या बायांनी आपापल्या विड्यांतून रोज थोड्या तिच्या नावावर दिल्या, म्हणजे कारखान्यातलं तिचं काम तुटू नये. हे कुणी सुचवलं ते मला आठवत नाही. मॅडमनी नक्कीच नाही, त्यांना ते नंतर कळलं. मंगळसूत्र, तिच्या आईने दिलेली पितळेची घागर आणि शिलाई मशीन सासरच्यांनी भावाच्या घरी हलवलं होतं. ते आणायला मॅडम एका हवालदार बाईंना घेऊन स्वतः आल्या, यादी करून, सह्या घेऊन परत मिळवलं. घागरीला पोचा आला आहे, पण आली.

कक्षाच्या उणिवा लिहिल्या पाहिजेत. ३ तालुक्यांना एकच मॅडम आहेत. दुसरी जागा आम्ही जात होतो तेवढे सगळे महिने रिकामी होती. त्या फिरतीवर असल्या की खोलीला कुलूप. म्हणून आधी फोन करून जा. दोन खोल्यांमधली भिंत प्लायवूडची आहे, आतलं रडणं बाहेर ऐकू येतं. व्हरांड्यात बसलेल्या पुरुषांपासून ते तरी वाचायला हवं. लहान मुलांना बसवायला काही नाही, आमची पोर फायलींच्या कपाटापाशी जमिनीवर बसून चित्रं काढायची. बायांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. हा सगळा पैशाचा आणि भरतीचा प्रश्न आहे, मॅडमचा नाही. पण बाई हिंमत करून येते आणि कुलूप बघून परत जाते तेव्हा तिला हे कसं समजावणार?

पाचपैकी किती, असं विचारलं तर मॅडमच्या कामाला मी ५ देईन, त्यांना सरकारने जे दिलं आहे त्याला २. एकटी बाई एकटीच गेली तर ही सेवा अर्धीच कामाला येईल असं मला वाटतं. तिच्या मागे गल्ली लागते. ११२, महिलांसाठीची १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीची १५१००, हे ३ नंबर मी गिरणीच्या दारावर रंगाने लिहून घेतले आहेत, वजनकाट्याच्या वर, जिथे प्रत्येकीची नजर जाते. आणि दुपारी २ ते ३ आता मी गिरणी रोज बंद ठेवते. गिऱ्हाईक कुरकुर करतं. तेवढा एक तास गल्लीचा आवाज मला ऐकू यायला पाहिजे.

तिचं प्लास्टर निघालं आहे. मनगट अजून पूर्ण वळत नाही, दिवसाला ३०० च्या वर विड्या होत नाहीत. राहिलेल्या दोन हप्त्यांसाठी अर्ज दिला आहे. पुढची तारीख २२ ला आहे, आम्ही सकाळी ९ च्या एस.टी.ने निघू. रिकामा डबा पोरीने परत नेलेला नाही.